दार उघड, पण कागद वाच

अगं, पोलिसांची गाडी गल्लीत शिरली की आपल्या वारासिवनीत पहिल्यांदा काय होतं सांगू? शेजारपाजारची दारं धडाधड लागतात. ज्या घरापुढे गाडी थांबली त्या घरची बाई एकटीच उंबऱ्यात उभी राहते. नवरा शेतावर किंवा गोंदियाला गेलेला, सासू आत खाटेवर, लेकरं पदराला धरून. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं आणि ती दोनपैकी एक चूक करते: हात जोडून "साहेब, काय पाहायचं ते पाहा" म्हणत बाजूला होते, नाहीतर दार अडवून आरडाओरडा करते. आज तुझ्याशी बोलायचंय ते त्या बाईसाठी. आणि दार लावून घेणाऱ्या शेजारणीसाठी तर त्याहून जास्त.

आधी एक गैरसमज काढून टाक. "वारंट दाखवा, नाहीतर चालते व्हा" हे सिनेमात छान वाटतं. आपल्या कायद्यात मात्र पोलीस वारंटशिवायही झडती घेऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या ९६ व्या कलमाखाली कोर्ट झडतीचं वारंट काढतं. १८५ व्या कलमाखाली तपास करणारा अधिकारी वारंटशिवायही येऊ शकतो, पण त्याला मोकळं रान नाही. तपासाला लागणारी एखादी ठरावीक वस्तू त्या घरात आहे आणि उशीर केला तर ती हाती लागणार नाही, असं वाटण्याला सबळ कारण हवं. ते कारण आणि कोणती वस्तू शोधायची हे त्याने घरात शिरण्याआधी लिहून ठेवायला हवं. त्या नोंदीची नक्कल ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे जायला हवी. आणि हे नीट लक्षात ठेव, ज्याच्या घराची झडती झाली त्याने अर्ज केला तर ती नक्कल त्याला मॅजिस्ट्रेटकडून फुकट मिळते. हा अर्ज करायचा असतो हेच आपल्याकडे कुणाला माहीत नसतं, म्हणून तो कुणी करत नाही.

दुसरा गैरसमज रात्रीचा. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायला बंदी आहे, ती अटकेपुरती. अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी घ्यावी लागते. घराच्या झडतीला सर्वसाधारण कायद्यात रात्रीची मनाई नाही. गांजा-अफूच्या कायद्यात सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत वारंटशिवाय शिरायचं तर कारण लिहून ठेवावं लागतं, एवढंच. तेव्हा रात्री अकराला दार वाजलं आणि तू "आता येताच येत नाही" म्हणून अडून बसलीस, तर सरकारी कामात अडथळा आणल्याचं कलम तुझ्याच गळ्यात पडेल. दार उघडलं नाही तर ते तोडून आत यायचा अधिकारही त्यांना आहे.

म्हणून दार उघड. पण उघडताना विचार. आवाज चढवायचा नाही आणि रडायचंही नाही. "साहेब, कोणत्या ठाण्याचे? तुमचं नाव? कोणत्या गुन्ह्यासाठी? काय शोधायचंय? कागद आहे का?" वर्दीवरची नावाची पट्टी वाच. साध्या कपड्यांत असतील तर ओळखपत्र माग. वारंट आणलं असेल तर हातात घेऊन वाच. आपल्याकडे कागद हिंदीत येतो, वर 'तलाशी वारंट' लिहिलेलं असतं. त्यावर कोर्टाचं नाव, न्यायाधीशाची सही आणि कोर्टाचा शिक्का आहे का बघ. त्यात लिहिलेलं घर तुझंच आहे का, की त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचं? एका आडनावाची दहा घरं असलेल्या आपल्या गावांत ही चूक सहज होते. कोर्टाने घराचा ठरावीक भागच झडतीसाठी सांगितला असेल तर तेवढाच भाग तपासता येतो, तेही बघ. वारंट नसेल तर एवढंच म्हण, "कारण लिहिलंय ना साहेब? पंच बोलवा, मग या." हे बोलणं उद्धटपणाचं नाही. कारण लिहायचं कलम १८५ मध्ये आहे, पंच बोलवायचं कलम १०३ मध्ये.

आता पंचांचं. हाच सगळ्या गोष्टीचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

कायदा म्हणतो, त्याच वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी बोलवा, त्यांच्यासमोर झडती घ्या, काय सापडलं आणि घरात नेमकं कुठे सापडलं याची यादी करा, तिच्यावर त्यांच्या सह्या घ्या. वस्तीतलं कुणी मिळालं नाही किंवा कुणी यायला तयार झालं नाही, तरच दुसरीकडचा माणूस चालतो. 'स्वतंत्र' हा त्यातला जीव आहे. पण गल्लीतली दारं लागलेली असतात. मग पोलीस आपल्या ओळखीतला, दर छाप्याला दिसणारा एखादा माणूस गाडीतून घेऊन येतात. तो घराबाहेर बिडी ओढत बसतो आणि शेवटी सही करतो. कोर्टात वर्षा-दोन वर्षांनी साक्षीला उभा राहिला की त्याला देवघर डावीकडे होतं की उजवीकडे हेही सांगता येत नाही. अशा पंचामुळे खरा चोर सुटतो आणि निर्दोष माणूस उगाच अडकून पडतो. दोघांचंही खापर पोलिसांवर फोडून आपण मोकळे होतो. पण त्या दिवशी दार लावून घेणारे आपणच ना?

शेजारच्या घरी झडती आली आणि तुला बोलावलं, तर जा. बाईला पंच होता येत नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट लेखी आदेश देऊन बोलावल्यावर सबळ कारणाशिवाय नाही म्हणणं हाच गुन्हा आहे. "कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतील" ही भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण कायदा एवढंही सांगतो की खास समन्स आल्याशिवाय पंचाला कोर्टात जावं लागत नाही. जाशील तेव्हा खोलीत आत उभी राहा. कपाट कुणी उघडलं, डबा कुठून निघाला, तो उघडताना आत काय होतं, हे तुझ्या डोळ्यांनी बघ. जे पाहिलं नाहीस त्याखाली सही करू नकोस. एक जुना रिवाज आहे. तो कलमात नाही, पण पुष्कळ पंचनाम्यांत सापडतो. आत शिरण्याआधी पोलीस पंचांना स्वतःची अंगझडती देतात, म्हणजे बाहेरून काही आत नेलं असा संशय नको. तो रिवाज पाळा म्हणून सांगायला पंचाने लाजू नये.

घरच्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहायचा हक्क आहे. "तुम्ही बाहेर थांबा" म्हटलं तर हटू नकोस. "मी कशाला हात लावत नाही, फक्त बघते" एवढंच म्हण. चार पोलीस चार खोल्यांत एकदम पांगले तर एका बाईने कुठे कुठे बघायचं? तेव्हा स्पष्ट सांग, "एकेक खोली करा साहेब, मी आणि पंच बरोबर आहोत." लेकरांना शेजारी पाठव, सासूला औषध दे, पाणी दे. बाईच्या अंगाची झडती घ्यायची वेळ आली तर ती बाईनेच, आडोशाला, अब्रू सांभाळून घ्यायची. महिला पोलीस सोबत नसेल तर येईपर्यंत थांबायला सांग. यात मागे हटायचं नाही.

नव्या कायद्यात एक चांगली गोष्ट झाली आहे. कलम १०५ प्रमाणे झडतीचं, वस्तूंची यादी करण्याचं आणि पंचांच्या सह्यांचं चित्रीकरण सक्तीचं झालं. मोबाइलवर केलं तरी चालतं. ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवावं लागतं. त्यासाठी पोलिसांना ई-साक्ष्य नावाचं ॲपही दिलंय. तेव्हा आत पाऊल टाकताच विचार, "रेकॉर्डिंग सुरू केलं ना?" आपला मोबाइल त्यांच्या तोंडापुढे नाचवून भांडण ओढवून घेण्यापेक्षा हा प्रश्न शंभर पटीने भारी आहे. कारण चित्रीकरण का केलं नाही, याचं उत्तर उद्या त्यांना कोर्टात द्यावं लागतं.

आता यादी. इथे बायकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. ओळखीतल्या एका घरची जप्तीची यादी मी हातात घेऊन वाचली आहे. घर विणकराचं, पुढच्या खोलीत माग, भिंतीला लावलेल्या रेशमाच्या लड्या, कोपऱ्यात विणून झालेल्या साड्यांची चळत. तपास होता पुतण्याने आणलेल्या चोरीच्या मालाचा. यादीत लिहिलं होतं: 'पीली धातु की एक पोत', 'साड़ियां एक गठ्ठा', 'नगद राशि'. एवढंच! पिवळ्या धातूची पोत म्हणजे तिचं मंगळसूत्र, माहेरून आलेलं. वजन नाही, किती मणी आणि किती वाट्या नाही, पेंडलचं वर्णन नाही. गठ्ठ्यात साड्या आठ होत्या की अठरा, कुणालाच सांगता येईना. वारासिवनीची हातमागाची साडी एकेक मोजून, रंग आणि काठ लिहून ठेवावी असा माल आहे. तिचा 'गठ्ठा' झाला की विणकराच्या घरच्या कितीतरी दिवसांच्या कष्टाचा हिशेबच बुडाला.

पोलीस सोन्याला 'पिवळी धातू' लिहितात त्यात कपट नाही. ते सोनं आहे की नाही हे त्यांना तिथे उभ्या उभ्या ठरवता येत नाही. पण वजन लिहिता येतं, नग मोजता येतात, खुणा लिहिता येतात. तू आग्रह धर. वजन करायला तराजू नसेल तर सोनाराला बोलवा म्हण. रोकड असेल तर कोणत्या किमतीच्या किती नोटा, ते लिहायला लाव. मोबाइल नेत असतील तर कंपनी, मॉडेल, आयएमईआय नंबर आणि आतलं सिम यांची नोंद हवी. मोबाइल तुझ्यासमोर बंद करून, सील करून न्यायला सांग. पासवर्ड विचारला तर "वकिलांना विचारून सांगते" म्हण. खोटं काही सांगू नकोस.

यादीवर पंचांच्या सह्या झाल्या की एक प्रत तुझ्या हातात पडायलाच हवी. "ठाण्यात येऊन घेऊन जा" हे चालत नाही. काहीच सापडलं नाही तर 'काहीही मिळालं नाही' असा पंचनामाही माग. तोही तुझ्याच कामाचा. आणि सही करताना: कोऱ्या कागदावर नाही, म्हणजे नाही. कागद वाच, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांग. काही चुकलं असेल तर सहीच्या वरच लिही, "मंगळसूत्राचं वजन लिहिलेलं नाही", "पंच आत आले नाहीत", आणि खाली तारीख-वेळ टाक. पोलिसांनी तुझा जबाब लिहून घेतला तर त्यावर सही घ्यायची कायद्यातच मनाई आहे, कलम १८१ पाहा. मागितली तर नम्रपणे नाही म्हणायचं.

तू म्हणशील, ताई, एवढी किटकिट त्याच वेळी कशाला? चुकीची झडती झाली तर पुढे कोर्ट ती रद्द करेलच ना? नाही गं. हे तुला कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. उत्तर प्रदेशातल्या एका पोस्टमनच्या घरात न वाटलेली पत्रं सापडली होती. त्याचा खटला साठच्या दशकात सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. झडती नियमाला सोडून झाली असली तरी तेवढ्याने जप्ती बाद होत नाही, फक्त तो पुरावा कोर्टाने जास्त बारकाईने तपासायचा, असं कोर्ट म्हणालं. १९७४ साली पूरणमलच्या आयकर प्रकरणातही तेच: बेकायदा झडतीत मिळाला म्हणून पुरावा फेकून देता येत नाही. मला हे पटत नाही. नियम मोडूनही हाती लागलेलं चालणार असेल तर नियम पाळायची गरज कुणाला वाटेल? पण आज कायदा असा आहे. म्हणून झडतीच्या त्या एका तासात तू जे पाहिलंस आणि जे लिहायला लावलंस, तेच पुढे तुझ्या वकिलाच्या हाती उरतं.

खरं तर हे संविधानातच यायचं होतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली घटना समितीसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण हा मूलभूत हक्क म्हणून मांडला होता. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशी दुरुस्ती सुचवली. ते सी. पी. अँड बेरारचे प्रतिनिधी. आपला बालाघाट जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता, राजधानी नागपूर. आंबेडकर ही दुरुस्ती स्वीकारायला तयार होते. त्यांचं म्हणणं होतं की हे फौजदारी कायद्यात आहेच, पण संविधानात आलं तर कायदेमंडळाला त्याला हात लावता येणार नाही. तरीही ती दुरुस्ती शेवटी बारगळली. आपल्याच प्रांतातल्या माणसाने मांडलेली ही गोष्ट आपल्या शाळेत कुणी शिकवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मग हा हक्क कोर्टांतून हळूहळू यावा लागला. त्यातला एक खटला आपल्याच मध्यप्रदेशातला, गोविंद विरुद्ध मध्यप्रदेश राज्य, मार्च १९७५. पोलिसांनी गोविंदची 'हिस्ट्री शीट' उघडलेली. दिवसा-रात्री वेळी-अवेळी घरी येतात, घरावर पाळत ठेवतात, अशी त्याची तक्रार. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी पोलिसांचे नियम रद्द केले नाहीत, पण बजावलं की अशा घरभेटी समाजाला खरोखर धोका असेल तिथेच व्हाव्यात. तुरुंगातून सुटला म्हणून रोजच्या रिवाजाने किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीने नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नऊंत नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते. त्यामुळे आता झडतीच्या कागदात कारण नीट लिहिलंय का, हे विचारायला तुझ्या पाठीशी संविधानही आहे.

अजून एक, आणि हे कधीही विसरू नकोस. झडती संपल्यावर "ताई, जरा ठाण्यात चला, जबाब घ्यायचाय" म्हणतील. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तर बाईला तिच्या राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी माणूस, यांनाही तेच लागू आहे. तुझ्या मर्जीने तू जाऊ शकतेस, पण नाही म्हणायचा हक्क तुझाच. हे मी इतकं ठासून का सांगते? बालाघाटावरून खाली वाहत गेलेली आपली वैनगंगा जिथून पुढे जाते, त्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. घरच्या तक्रारीवरून तिला रात्री ठाण्यात बोलावलं होतं, बाकीच्यांना बाहेर काढून तिला आत थांबवलं. सुप्रीम कोर्टात दोघे पोलीस सुटले. तेव्हा वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभरच्या बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतल्या अत्याचारासाठी वेगळी तरतूद आली. झाडीपट्टीतल्या एका मुलीने हे सोसलं, म्हणून तुला-मला आज थोडंफार संरक्षण आहे. तेव्हा "चला, पाच मिनिटांचं काम" याला भुलू नकोस. जायचंच ठरवलंस तर घरचं कुणीतरी सोबत, दिवसाउजेडी आणि कुठे जातेय ते शेजारी सांगून.

जप्त झालेलं कायमचं गेलं असंही समजू नकोस. तपासाला लागत नसेल तर कोर्टात अर्ज करून वस्तू सुपुर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून देऊन, परत मिळते. मागावरचं सूत, विकायची साडी, मोटारसायकल पडून राहून सडण्यापेक्षा हा अर्ज लगेच करावा. पण अर्जात तू जे मागशील ते यादीत नीट लिहिलेलं असायला हवं. गठ्ठ्यातल्या साड्या कशा मागणार? त्या विणकराच्या घरची बाई अजून तेच विचारते आहे.

पोलिसांनी मुद्दाम नियम मोडले, मारझोड केली, यादी दिली नाही, तर लेखी तक्रार बालाघाटला पोलीस अधीक्षकांकडे स्पीड पोस्टाने पाठव आणि पोचपावती जपून ठेव. कोर्टातही सांग. त्याच रात्री, विसरायच्या आत, काय घडलं ते वेळेसकट वहीत लिहून काढ. कोण आले, किती वाजता, कोणत्या खोलीत, पंच कोण होते, काय बोलले.

आणि वकिलाला पैसे कुठून आणायचे, या विचाराने गप्प बसू नकोस. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे प्रत्येक बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही मिळतो. तहसील कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे किंवा बालाघाटच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. फोनवरून विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर आहे, देशभर चालतो. आज घरी गेलीस की तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव, आणि शेजारणीलाही सांग.